कॉलेजच्या पहिल्या वर्षावरची प्रेमकादंबरी: प्रेम नेमकं कधी यावं?

काजवा

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी एक कादंबरी लिहितेय. नायिका अठरा वर्षांची, नुकतीच कॉलेजात आलेली, पहिल्यांदाच घर सोडून हॉस्टेलवर राहणारी. प्रेमकथाच आहे, त्याबद्दल काही आडपडदा नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि मी तो खूप वाचलाय.

अडचण अशी की पहिला खर्डा दोन मैत्रिणींना वाचायला दिला. एक म्हणाली, "अगं, तो येतो कधी? तोवर माझी झोप झाली." दुसरी म्हणाली, "तो आला आणि रूममेट, वर्ग, आईची काळजी, सगळंच गायब झालं. मला तर तेच वाचायचं होतं." दोघींचं पटतंय, म्हणून मी अडकलेय.

माझं मत सांगते. या प्रकारच्या बऱ्याच कादंबऱ्यांत कॉलेज नुसतं मागच्या पडद्यासारखं असतं. पहिल्याच दिवशी सामान वर नेताना नायक धडकतो, आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत कोणी लेक्चरला बसत नाही, कोणाची परीक्षा नसते, कोणाला घरची आठवण येत नाही. मला वाटतं त्या वर्षातलं प्रेम वेगळं असतं ते त्या वर्षामुळेच. आसपास आपल्याला ओळखणारं एकही माणूस नसतं. शाळेत कोण होतो, घरात कोण होतो, कोणाला काही माहीत नाही. अशा वेळी आपलं बोलणं जो पहिल्यांदा नीट ऐकतो, त्याच्यावर जीव जडतो. तो एकटेपणा आधी वाचकाच्या अंगावर आलाच नाही, तर पुढचं प्रेम कुठल्याही वर्षातलं असू शकतं.

तर प्रश्न हा: प्रेम कधी यावं? आणि आल्यावर बाकीचं कसं टिकवावं? वाचलेली उदाहरणं द्या, स्वतःचे अनुभव सांगा, भांडलात तरी चालेल.

शंकासुर

पान अकरा. पहिल्या दहा पानांत तिला सामान लावून घेऊ दे. :)

वाचनवेल्हाळ

मस्त धागा. बसायला जागा धरून ठेवतेय, सविस्तर रात्री लिहिते.

तिसरा_बाक

काजवा, माझं मत थेट उलटं आहे. ज्याने प्रेमकादंबरी हातात घेतलीय त्याला प्रेमच वाचायचंय. त्याला शंभर पानं रूममेटच्या सवयी आणि वेळापत्रक वाचायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कॉलेजचं वास्तव हवं असेल तर तशा वेगळ्या कादंबऱ्या आहेत की. मराठीत 1963 साली 'कोसला' आली, तिच्यात हॉस्टेल आहे, मेस आहे, परीक्षा आहेत, गॅदरिंग आहे, आणि प्रेमकथेची अपेक्षा ठेवून तिच्याकडे कोणी जात नाही. ज्याचं त्याला द्यावं. तुझ्या नायिकेचा एकटेपणा दाखव, पण 'तो' समोर असताना दाखव.

खिडकीपाशी

तिसरा_बाक, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे असं मला वाटतं, फक्त तुम्ही ते भांडणाच्या सुरात लिहिलंय.

या विषयावर बोलताना रेनबो रॉवेलची 'फॅनगर्ल' (2013) टाळून चालणार नाही. कॅथ आणि रेन जुळ्या बहिणी, दोघी एकाच कॉलेजात जातात, आणि रेन आधीच सांगून टाकते की मला तुझ्याबरोबर एका खोलीत राहायचं नाही. इथेच कॅथचा पाय घसरतो. आजन्म जिच्या सोबतीने जगली तीच म्हणते, आता वेगळं राहू.

त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. कॅथ सुरुवातीला जेवायच्या हॉलमध्ये जातच नाही. भूक नसते असं नाही. रांग कुठून सुरू होते, ताट कुठून घ्यायचं, बसायचं कुणाजवळ, हे तिला ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. मग ती खोलीत बसून प्रोटीन बार खाऊन दिवस काढते. शेवटी रूममेट रेगनच्या हे लक्षात येतं आणि ती तिला जवळजवळ ओढत जेवायला नेते. काजवा, तू ज्या एकटेपणाबद्दल म्हणतेस तो हा. लेखिकेने 'ती फार एकटी होती' असं म्हटलं असतं तर मी पान उलटून पुढे गेले असते. न माहीत असलेल्या रांगेची भीती मात्र आतपर्यंत पोचली.

आता गंमत बघा. नायक लीव्हाय पहिल्याच पानावर आहे! कॅथ खोलीचं दार उघडते तर आत एक मुलगा. तो रेगनचा बॉयफ्रेंड आहे असं कॅथ धरून चालते, त्यामुळे कितीतरी काळ ती त्याच्याकडे त्या नजरेने बघतच नाही. तो येतो, जातो, हसतो, दार अडवून उभा राहतो. वाचकाला कधीच कळलेलं असतं, तिला कळायला निम्मं पुस्तक जातं.

म्हणजे तो लवकर, प्रेम उशिरा.

काजवा

खिडकीपाशी, वा! "तो लवकर, प्रेम उशिरा" हे मी वहीत लिहून घेतलं. माझ्या खर्ड्यात दोन्ही एकदमच येतात, तेही उशिरा. तिसरा_बाक, तुमचाही मुद्दा पोचला.

शंकासुर

म्हणजे पान अकराच्या ऐवजी पान एक. मी माझं उत्तर दुरुस्त करून घेतो.

वाचनवेल्हाळ

आले परत. खिडकीपाशी, 'फॅनगर्ल'मधला माझा लाडका प्रसंग पुस्तक वाचून दाखवण्याचा. लीव्हायला पानंच्या पानं वाचणं जड जातं, ऐकलेलं मात्र पक्कं लक्षात राहतं. त्याची परीक्षा असते, म्हणून कॅथ रात्रभर जागून एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' त्याला मोठ्याने वाचून दाखवते. घसा बसेपर्यंत. तिथे दोघं जवळ येतात. बघा ना, प्रेमाचा प्रसंग अभ्यासाच्या आतून आलाय! कॉलेज बाजूला सारावं लागलं नाही. काजवाच्या दुसऱ्या प्रश्नाला (बाकीचं कसं टिकवायचं) माझं उत्तर हेच. असाइनमेंट, परीक्षा, ग्रंथालय हीच त्यांच्या भेटीची कारणं कर. मग ती गायब होणारच नाहीत.

आणि लगेच पुढे लेखिका काय करते? त्यानंतर थोड्याच काळात कॅथला तो एका पार्टीत दुसऱ्याच मुलीला किस करताना दिसतो. मी पुस्तक मिटून उशीखाली सारलं होतं रागाने.

उगाचच

मी पण! आणि अर्ध्या तासात परत काढलं.

अर्धविराम

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण तिसरा_बाक आणि काजवा यांचा वाद पुस्तकांच्या दुकानातल्या फळ्यांवरूनही झालेला आहे.

इंग्रजीत किशोरांसाठीच्या म्हणजे यंग अडल्ट कादंबऱ्यांतली पात्रं साधारण शाळेतली असतात. मोठ्यांच्या कादंबऱ्या त्याच्या बऱ्याच पुढे सुरू होतात. मधली अठरा-एकोणीस-वीसची पात्रं कुठे ठेवायची हा प्रकाशकांना पेच होता. 2009 साली सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने एक स्पर्धा जाहीर करताना 'न्यू अडल्ट' हे नाव वापरलं, तिथून ते रुळलं. पण खरी लाट आली ती पुढच्या तीनचार वर्षांत, आणि ती मोठ्या प्रकाशकांनी आणली नाही. लेखिकांनी स्वतःच ई-पुस्तकं काढली, ती धडाधड खपली, मग प्रकाशक मागे धावत आले.

त्या लाटेतल्या पुस्तकांचा साचा ठरून गेला: कॉलेज, पहिलं किंवा दुसरं वर्ष, जखमी मनाचा रागीट देखणा मुलगा, सरळमार्गी मुलगी, आणि शरीरसंबंधांची मोकळी वर्णनं. 'फॅनगर्ल' त्याच काळातली, कॉलेजातलीच, पण तिचा जीव किशोरकादंबरीचा. म्हणून काजवा, आधी हे ठरव की तू या दोनपैकी कोणत्या वाचकासाठी लिहितेस. प्रेम कधी यावं याचं उत्तर त्यावर बरंच ठरेल.

आणि ज्यांना आपल्याला लिहायला वेळ नाही असं वाटतं त्यांच्यासाठी: 'फॅनगर्ल'चा पहिला खर्डा नोव्हेंबर महिन्यात कादंबरी लिहून काढायचा जो उपक्रम असायचा, नॅनोरायमो, त्यात 2011 साली लिहिला गेला.

वादळवाट_नव्हे

रागीट देखण्या मुलाचा विषय निघालाच आहे तर 'आफ्टर'बद्दल बोलूया. अॅना टॉडने 2013 मध्ये वॉटपॅडवर (कोणीही गोष्टी लिहाव्यात-वाचाव्यात असं अॅप) ती भागाभागाने टाकायला सुरुवात केली, एका बॉयबँडच्या गायकावर बेतलेलं फॅनफिक्शन, म्हणजे चाहतीने रचलेली गोष्ट, म्हणून. 2014 मध्ये छापील पुस्तक, 2019 मध्ये सिनेमा. सुरुवात अगदी काजवा म्हणते तशीच: टेसा आई आणि गावाकडच्या बॉयफ्रेंडबरोबर हॉस्टेलवर येते, सामान लावते, आणि लवकरच हार्डिन हजर.

तो इतक्या लवकर का येतो याला कारण आहे. वॉटपॅडवर माणूस फोनवर एकेक भाग वाचतो आणि तिथल्या तिथे प्रतिक्रिया लिहितो. दोन भागांत काही घडलं नाही तर वाचक दुसरीकडे जातो. तिथे संथ सुरुवात परवडतच नाही. त्यामुळे या लेखिकांना कॉलेजचं काही पडलेलं नसतं हे मला मान्य नाही. त्यांचं माध्यमच तसं आहे.

सावलीतली_आई

मी या वादात आई म्हणून पडतेय. माझी मुलगी यंदा कॉलेजला गेली. जाण्याआधी तिने या कादंबऱ्यांचा फडशा पाडला होता, म्हणून मीही दोनचार वाचल्या. 'आफ्टर'मधल्या त्या मुलाने आधी पैज लावलेली असते हे कळल्यावर मला बसल्या जागी घाम फुटला. तो तिला दुखावतो, माफी मागतो, परत दुखावतो, आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं. ज्या मुलीला नव्या जागी एकही मैत्रीण नाही, तिला असा मुलगा भेटला तर ती कोणाला विचारणार? काजवा, तुमच्या नायिकेला एखादं विचारायचं माणूस ठेवा हो. एवढंच मागणं.

नवीकोरी

काकू, राग मानू नका. मी एकोणीसची आहे, पहिल्या वर्षाला आहे आणि 'आफ्टर' दोनदा वाचलंय. आम्हाला कळतं हो की हार्डिनसारख्या मुलाशी प्रत्यक्षात बोलूसुद्धा नये. आम्ही ग्रुपवर त्याच्या एकेका वाक्याचे स्क्रीनशॉट टाकून "पळ टेसा पळ" लिहायचो. वाचताना धडधड होते ती वेगळी. भुताची गोष्ट वाचणारा भुताच्या घरी राहायला जात नाही.

पण तुमचं शेवटचं म्हणणं शंभर टक्के खरंय. विचारायचं माणूस पाहिजे.

सावलीतली_आई

नवीकोरी, राग कसला गं. उलट बरं वाटलं. माझी मुलगीही हेच म्हणाली होती, पण तिच्या तोंडून ऐकताना मला ती समजूत काढतेय असं वाटलं. तुझ्याकडून ऐकून विश्वास बसला.

तिसरा_बाक

नवीकोरीशी थोडा असहमत. कळतं हे खरं, पण सगळ्यांना सारखंच कळतं असं नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, मुलीने नाही म्हटलं की तिच्या हॉस्टेलबाहेर तासन्‌तास उभा राहायचा. त्याला वाटायचं हे प्रेम. आम्हा मुलांनाही तेव्हा तसंच वाटलं, आम्ही त्याला चहा नेऊन द्यायचो. तिला काय वाटत असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. कुठून शिकलो होतो आम्ही ते? वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींतूनच ना.

एकटा_टायपिस्ट

तिसरा_बाक, फार महत्त्वाचं लिहिलंत.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. या कादंबऱ्यांत मुलगा कायम आधीपासून तिथे स्थिरावलेला असतो. त्याला सगळं माहीत, सगळे त्याला ओळखतात, गाडी त्याच्याकडे. पहिल्या वर्षाचा बावरलेला मुलगा जवळपास दिसत नाही. मी तसा होतो. वर्गातून बाहेर पडल्यावर घाईत असल्यासारखा चालायचो, कारण रमतगमत चाललो तर एकटा आहे हे दिसेल. जायचं कुठेच नसायचं. इमारतीला वळसा घालून परत ग्रंथालयात.

सॅली रूनीच्या 'नॉर्मल पीपल'मध्ये (2018) हे सापडलं आणि मी थबकलो. शाळेत कॉनेल सगळ्यांचा लाडका आणि मेरिअॅनशी कोणी बोलत नाही. दोघं डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजात जातात आणि पारडं उलटं होतं. ती तिथे शोभते, तो हरवतो. ती किशोरकादंबरी नव्हे, पण कॉलेजला जाणं म्हणजे काय हे त्या उलटापालटीत आहे. काजवा, तुझा मुलगाही नवखा असू दे की. दोघांनाही रांग कुठून सुरू होते ते माहीत नसू दे.

वाचनवेल्हाळ

दोघांनाही रांग माहीत नसणं... याच्यावर एक अख्खा प्रसंग लिहिता येईल. काजवा, ऐकतेस ना?

काजवा

ऐकतेय आणि लिहूनही घेतेय! एकटा_टायपिस्ट, घाईत असल्यासारखं चालणं मी वापरलं तर चालेल का? तो मुलगा मला आत्ता समोर दिसतोय.

एकटा_टायपिस्ट

खुशाल वापर. त्याला पुस्तकात तरी कोणीतरी हाक मारू दे.

पानगळ

मी कॉलेजात शिकवते, बरीच वर्षं पहिल्या वर्षाचे वर्ग घेते. वर्गाच्या पुढे उभं राहिल्यावर जे दिसतं ते सांगते, कोणाला उपयोगी पडलं तर.

पहिल्या दिवशी मुलं कुठेही बसतात. घाबरलेली दाराजवळ, उत्साही पुढे, बाकी जिथे जागा मिळेल तिथे. गंमत म्हणजे योगायोगाने मिळालेली ती जागाच मग 'आपली' होते. दुसऱ्या आठवड्यात कोणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं तर तो येऊन नुसता उभा राहतो, बोलत काही नाही. कोणी नेमून दिलेली नसताना. माझ्या वर्गातल्या कितीतरी मैत्र्या आणि काही लग्नंसुद्धा केवळ त्या पहिल्या दिवशीच्या बसण्यातून झाली आहेत. पेन संपलं, वही मागितली, हजेरीला नाव चुकीचं घेतलं म्हणून दोघं हसले.

त्यामुळे कादंबरीत सामान घेऊन जिन्यात धडकणं मला खोटं वाटतं. पहिल्या दिवशी कोणी कोणाला लक्षात ठेवण्याच्या स्थितीत नसतं. सवयीने जवळ येतात मुलं. एक दिवस शेजारची जागा रिकामी दिसते आणि लेक्चरमध्ये लक्ष लागत नाही. तोवर तिला स्वतःलाही पत्ता नसतो.

सहामाहीच्या सुट्टीनंतरचा वर्ग बघण्यासारखा असतो. पहिल्यांदा घरी जाऊन परत आलेली मुलं एकदम वेगळी दिसतात. घरी आपली खोली भावंडाने घेतलीय, जुने मित्र आपापल्या नव्या मित्रांबद्दल बोलताहेत, हे बघून आलेली असतात. मग ती इथे खऱ्या अर्थाने राहायला लागतात.

अर्धविराम

पानगळ, तुमचा हा प्रतिसाद काजवाने छापून भिंतीवर लावावा.

त्याला जोडून एक तांत्रिक मुद्दा. सत्राचं वेळापत्रक हा या कादंबऱ्यांना मिळालेला आयता सांगाडा आहे. येणं, पहिली परीक्षा, पहिली सुट्टी, परत येणं, शेवटची परीक्षा, खोली रिकामी करणं. प्रेमकथेतला मोठा दुरावा बहुतेक वेळा सुट्टीच्या आसपास येतो तो उगाच नाही. सुट्टीत दोघं लांब जातात, आपापल्या जुन्या आयुष्यात जातात, आणि तिथे प्रश्न पडतो की इथला मी खरा की तिथला. त्यासाठी गैरसमजाची फोडणी किंवा तिसरी बाई आणायची गरजच पडत नाही.

उगाचच

रूममेटचा कोणी फारसा विषय काढला नाही म्हणून सांगते. माझी रूममेट पहाटे अलार्म लावायची आणि तो वाजत असताना गाढ झोपायची. मीच उठून बंद करायचे, मग झोप उडायची म्हणून अभ्यासाला बसायचे. त्या वर्षी मला चांगले मार्क पडले. आजही तिला फोनवर श्रेय देते.

शंकासुर

माझा रूममेट झोपेत भाषणं द्यायचा. विषय नेहमी क्रिकेटचा. आऊट नव्हता म्हणून पंचांशी भांडायचा.

वादळवाट_नव्हे

आमच्या खोलीत पंख्याच्या वेगावरून शीतयुद्ध होतं. एक जण पाचवर करायचा, दुसरा तो बाथरूमला गेला की दोनवर.

खिडकीपाशी

मंडळी, रूममेटांचा वेगळा धागा काढा, मीही येते तिथे. माझ्याकडेही भरपूर आहे. :)

पण यातही मुद्दा आहे. या प्रकारातली रूममेट पुष्कळदा नायिकेला पार्टीला ओढून नेण्यापुरती असते. एकदा नायक भेटला की तिचं काम संपलं. 'फॅनगर्ल'ची रेगन तशी नाही, म्हणून ती लक्षात राहते. अॅलिस ओसमनच्या 'लव्हलेस'मध्ये (2020) तर रूममेटबरोबरची मैत्री हाच कथेचा कणा आहे. जॉर्जिया कॉलेजात येते ती प्रेमात पडायचं ठरवूनच. शाळेत कधी कोणी आवडलं नाही, आता आवडेल, असा तिचा हिशोब. प्रयत्न करते, फसते, आणि हळूहळू तिला कळतं की आपल्याला त्या प्रकारचं आकर्षण वाटतच नाही. पुस्तकाला 2021 चं वायए (यंग अडल्ट) बुक प्राइझ मिळालं. प्रेमकथेचे सगळे टप्पे तिथे आहेत, नुसते मैत्रीच्या वाट्याला आलेत.

वाचनवेल्हाळ

तसंच एलिफ बटुमनचं 'द इडियट' (2017). काळ 1995, सेलिन हार्वर्डला येते, ईमेल म्हणजे काय हेही तिला कॉलेजात आल्यावरच कळतं. गणित शिकणाऱ्या इव्हानला ती लांबलचक ईमेल लिहिते, तोही लिहितो. समोरासमोर आले की दोघांना बोलायला सुचत नाही. अखेरपर्यंत म्हणावं असं काहीच घडत नाही, आणि तरी मी इतकं तगमगत दुसरं पुस्तक वाचलेलं नाही. तिसरा_बाक, तुम्हाला आवडणार नाही हे आधीच सांगते!

तिसरा_बाक

वाचलंय. नाही आवडलं. :) इव्हानला गदागदा हलवावंसं वाटलं.

नवीकोरी

मला मूळ मुद्द्याबद्दल एक शंका आहे. काजवाताई म्हणतात आसपास ओळखणारं कोणी नसतं. पण आता तसं राहिलेलं नाही ना. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच बॅचचा ग्रुप झालेला असतो. रूममेटचे सगळे फोटो मी आधीच बघून ठेवले होते. शाळेतल्या मैत्रिणी दिवसभर मेसेजवर. घरचे रोज व्हिडिओ कॉलवर. एकटं पडायला वेळच नाही असं वाटतं.

आणि तरी पडतोच. मी कॉल करताना फोन असा धरायचे की मागे फक्त मी लावलेली चित्रं दिसावीत. न उघडलेली बॅग कॅमेऱ्यात यायची नाही. रूममेट झोपलेली असली की मी जिन्यात बसून मैत्रिणींना "कसलं भारी आहे इथे" असं टाइप करायचे. त्यांचेही तसेच मेसेज यायचे, मग वाटायचं आपल्यालाच जमत नाहीये. नंतर सुट्टीत भेटलो तेव्हा कळलं की त्याही कुठल्या ना कुठल्या जिन्यात बसलेल्या होत्या.

हे कुठल्या कादंबरीत मला मिळालेलं नाही. ताई, तुमच्यात असेल तर मी रांगेत पहिली.

सावलीतली_आई

नवीकोरी, आत्ता उठून लेकीला फोन केला. बॅग उघडलीस का विचारलं. ती हसली आणि मग बराच वेळ बोलली.

पानगळ

नवीकोरी, तुझं लिहिणं थांबवू नकोस, हे बाई म्हणून सांगतेय.

अर्धविराम

शेवटाबद्दल कोणी बोललं नाही अजून. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही संघटना प्रेमकादंबरीच्या दोन अटी सांगते: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. जन्मभराची गाठ बांधलीच पाहिजे असं त्यात नाही. अठराव्या वर्षी दोघं पुढच्या सत्रालाही एकत्र आहेत एवढं पुरे आहे. उपसंहारात दहा वर्षांनंतरचं लग्न दाखवलं की मला नेहमी वाटतं, लेखिकेचा स्वतःच्या गोष्टीवरचा विश्वास उडाला.

उगाचच

मला मात्र लग्न हवंच. आणि मुलांची नावंही.

काजवा

मंडळी, कुठून कुठे नेलंत मला! दोन रात्री हाच धागा उघडून बसलेय. आता काय करणार ते सांगते.

जिन्यातली धडक काढून टाकली. पानगळताई म्हणतात तसा तो वर्गात तिच्या शेजारी बसतो, पहिल्याच प्रकरणात, आणि ती त्याच्याकडे बघतही नाही कारण तिचं लक्ष दाराकडे आहे. तोही नवखा आहे, एकटा_टायपिस्टांसारखा भरभर चालतो, आणि तिला वाटतं की याला केवढी कामं, केवढे मित्र! त्याला एकाच इमारतीला पुन्हा पुन्हा वळसा घालताना ती खिडकीतून बघते तेव्हा तिला उमगतं. त्या क्षणाला प्रेम म्हणायचं की नाही हे वाचकावर सोडणार. तिसरा_बाक, तुमच्या वाचकाला तो पहिल्या पानापासून मिळेल, नाराज होऊ नका.

आईंनी सांगितलेलं विचारायचं माणूस म्हणजे रूममेट. ती पार्टीला ओढणार नाही, उलट तीच घरी खोटं सांगत असते, जिन्यात बसून. नवीकोरी, हे तुझं आहे, हे कधी विसरणार नाही.

सुट्टीचं प्रकरण मात्र पूर्ण नव्याने लिहावं लागणार. तिथे मी एक गैरसमज घातला होता आणि तो मलाच आता पटत नाहीये. अर्धविराम म्हणतात तसं, नुसतं घरी जाऊन येणं पुरेसं आहे का हे लिहून बघते.

तिसरा_बाक

नाराज नाही. पण खिडकीतून दिसणाऱ्या त्या प्रसंगाला निम्म्याच्या पुढे जाऊ देऊ नकोस. माझी ती अट कायम.

काजवा

मान्य. निम्म्याच्या अलीकडेच.

नवीकोरी

ताई, पण रूममेटचं पुढे काय होतं? ती घरी खरं सांगते का?

काजवा

सांगते. सुट्टीत, दोघी एकाच गाडीने परत येताना आधी आपल्या नायिकेला, आणि मग स्टेशनवर उतरल्या उतरल्या आईला फोन करून. ते प्रकरण आज लिहायला घेतेय, झालं की इथेच टाकते.